एका घरापुरती चाळणी

फार पूर्वी, नदीकाठच्या एका रानात प्रत्येकाला आपल्या बियांमधला वाटा रानाच्या कोठारात भरावा लागे. वाटा चुकला की वर्षभर पाणवठा बंद! हिशेब मोठा किचकट, म्हणून सुगरणमावशीने चाळण्या विणल्या. वरून बिया ओतल्या की रानाचा वाटा आपसूक खाली पडे. चाळणी देताना मावशी बजावायची, "एक चाळणी, एक घर. शेजाऱ्याला उसनी द्यायची नाही."

वाटा भरायचा शेवटचा दिवस उजाडला. खारीचे काम चुटकीसरशी झाले. शेजारचे कासवआजोबा मात्र बियांच्या ढिगाशी रडकुंडीला आले होते. मावशीकडच्या चाळण्याही संपल्या होत्या.

"आजोबा, माझी घ्या. कोण बघतंय?"

"नको गं बाई! असं चोरून मिळवलेलं पाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

खार तडक मावशीच्या झाडावर चढली. "मावशी, एक घर म्हणजे कोण गं?"

"एका चुलीवर जेवतात ते."

"मग आजोबा आजपासून माझ्या चुलीवर जेवणार. रोज!"

"म्हाताऱ्याची भूक ठाऊक आहे का? वर घोरतात किती!"

"घोरू देत की! मला तरी एकटीला कुठे जेवण जातं?"

मावशी खळखळून हसली. "जा, चाळ मग दोघांचं!"

सूर्य मावळायच्या आत आजोबांचा वाटा कोठारात पोचला. मग दोघे जेवायला बसले. आजोबांनी पहिला घास चघळला आणि तोंड वाकडे केले.

"आपल्या घरात मीठ जरा कमीच घालतात, नाही का गं?"