चुकत वाचणारे भन्तेजी

“अक्षरं येतात तिला, भन्तेजी. काना, मात्रा, वेलांटी, सगळं येतं. मग ती वाचत का नाही?”

भन्ते सुमेध विहाराच्या कपाटातली पुस्तकं पुसत होते. त्यांचा हात थांबला नाही.

विचारणारा प्रशिक शेंडे. वैनगंगेकाठच्या याच गावात लहानाचा मोठा झालेला, आता शेजारच्या तालुक्यात प्राथमिक शाळेवर गुरुजी. त्याच्या वर्गातली पोरं मिनिटात पानभर वाचतात, असा त्याचा लौकिक. मागच्या महिन्यात त्यासाठी सत्कारही झाला होता. आणि त्याचीच सहा वर्षांची उत्पला पुस्तक दिसलं की पोट धरून बसायची.

“रोज अर्धा तास बसतो तिच्याजवळ,” प्रशिक म्हणाला. “शब्दाखाली बोट ठेवतो. चुकली की लगेच सांगतो. चूक तोंडात बसूच देत नाही.”

“लगेच?”

“लगेच.”

भन्तेजींनी पुढचं पुस्तक घेतलं.

प्रशिकचा आवाज उतरला. “परवा तिचं पुस्तक सापडेना. शेवटी तांदळाच्या डब्यात सापडलं. अगदी तळाशी... एवढासा जीव, पण पार कोपरापर्यंत हात घालून तिनं ते पुरलं होतं.”

आता मात्र फडकं थांबलं.

“कुठे आहे ती?”

“बाहेर पायरीवर. आत पुस्तकं आहेत म्हणून येत नाही.”

भन्तेजींनी कपाटातून चित्रांचं एक पातळ पुस्तक काढलं, चीवर सावरलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. उत्पलाच्या शेजारी, पण हातभर अंतर राखून. तिच्याकडे पाहिलंही नाही. पुस्तक उघडलं आणि स्वतःशीच मोठ्यानं वाचू लागले.

“एक होती म्हैस. तिला... लागली... भूक. तिने खाल्ली... चप्पल.”

उत्पला दुसरीकडे बघत होती. तिची मान जराशी वळली.

“चप्पल खाल्ली,” भन्तेजी पुन्हा म्हणाले. “बिचारी.”

“चपाती आहे ती,” उत्पला हळूच म्हणाली.

“छे. चप्पलच दिसतेय.”

“नाही हो. हे बघा. च... पा... ती. शेवटी ती आहे.” तिचं बोट केव्हा पुस्तकावर आलं, ते तिलाही कळलं नाही.

भन्तेजींनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. “हो की. बरं झालं सांगितलंस. मग... चपाती खाऊन म्हैस तळ्यात... उडली.”

“बुडली!” उत्पलाला हसू आवरेना. “म्हैस कधी उडते का? द्या इकडे. तुम्हाला येत नाही.”

पुस्तक तिच्या मांडीवर गेलं.

दारात उभा असलेला प्रशिक श्वास रोखून ऐकत होता. पोरगी वाचत होती. अडखळत, मध्येच हसत, पण वाचत होती.

“तळ्यात होती एक पाण... पाणकोबी.”

पाणकोंबडी. प्रशिकनं तोंड उघडलं.

भन्तेजींनी मागे वळूनही न पाहता तळहात वर केला.

तो गप्प झाला. गप्प राहणं किती जड जातं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. उत्पला पुढे गेली. पाणकोबी पोहली, पाणकोबीनं डोकं वर काढलं...

“थांबा,” ती म्हणाली. “कोबी कशी पोहेल? माझं चुकलं.” तिनं बोट मागे नेलं. “पाणकोंबडी.”

आणि पुढे वाचू लागली.

माझं चुकलं. इतक्या सहज म्हणाली ती, जसा खेळताना बुटातला खडा काढून टाकावा. घरी चुकली की तिचे ओठ पांढरे पडायचे.

थोड्या वेळानं भन्तेजी उठून आत आले. प्रशिक त्यांच्या मागोमाग आला. त्याचं मन भरून आलं होतं. पण इतक्या दिवसांची गुरुजीपणाची सवय, ती कशी सुटणार...

“भन्तेजी, डोळे दाखवून घ्या आता. मी नेतो तुम्हाला भंडाऱ्याला.” तो मायेनं म्हणाला. “तसं तुमचं वाचन पहिल्यापासूनच कच्चं. मी पहिलीत होतो, तेव्हा इथे बसून तुमच्या चुका काढायचो. आठवतं? कितीदा तर पुस्तक तुमच्या हातातून ओढून घ्यायचो. परवा सत्कारात सांगितलं मी, वाचायला मी आपला आपणच शिकलो, आणि वर माझ्या भन्तेजींनाही शिकवलं. लोक खूप हसले.”

“चांगलं सांगितलंस,” भन्तेजी म्हणाले. ते खरोखरच खूश दिसत होते.

त्यांच्या बैठकीजवळ एक जाडजूड पालि ग्रंथ उघडा पडला होता. प्रशिकनं सहज वाकून पाहिलं. छापील ओळींच्या कडेनं, मुंगीएवढ्या अक्षरांत, मराठी अर्थ लिहिलेला. त्यानं पान उलटलं. पुन्हा तेच. आणखी उलटलं. शेकडो पानं, एकही समास कोरा नव्हता. शेवटच्या पानावरची शाई अजून ताजी होती.

“हे कुणी लिहिलं, भन्तेजी?”

“मीच. सकाळी थोडं थोडं करतो.”

“चष्म्याशिवाय?”

“अजून लागला नाही.”

प्रशिक त्या पानाकडे बघत राहिला.

“म्हणजे चपाती... आणि मी लहान असताना...”

भन्तेजी पुन्हा कपाटाकडे वळले होते. एकेक पुस्तक फडक्यानं पुसून फळीवर ठेवत होते.

प्रशिकला आपला सत्कार आठवला. ते हसणारे लोक आठवले. त्याचे कान गरम झाले. मग आठवला बाहेरच्या त्याच पायरीवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा, आपल्यावाचून भन्तेजींचं अडतं म्हणून रोज धावत येणारा...

त्यानं डोळे पुसले.

बाहेरून हाक आली. “भन्तेजी, आता तुमची पाळी! मी दमले.”

भन्तेजी हलले नाहीत. प्रशिककडे बघून त्यांनी हनुवटीनं दाराकडे खूण केली.

तो बाहेर गेला. बापाला पाहताच उत्पलानं पुस्तक मिटलं. तिचा हात पोटाकडे गेला.

प्रशिक तिच्या शेजारी बसला. हातभर अंतर ठेवून.

“मी वाचू?” त्यानं विचारलं. आपल्याच मुलीची परवानगी त्यानं आजवर कधी मागितली नव्हती.

तिनं पुस्तक सरकवलं.

त्यानं पान उघडलं. कुठेतरी चुकायचं होतं. पण कुठे? वर्गात आणि घरात वर्षानुवर्षं त्याची जीभ बिनचूकच चालली होती. या शब्दावर चुकावं की पुढच्या... समोरची अक्षरं ओली दिसत होती. आणि कुठे चुकावं हे ठरवता ठरवता तो खरंच चुकला.

“म्हशीच्या पाठीवर येऊन बसला एक... बंगला.”

उत्पलानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती हातभर अंतर ओलांडून सरकत सरकत त्याला येऊन टेकली आणि शब्दाखाली आपलं बोट ठेवलं.

“बाबा, बगळा आहे तो. बंगला कसा येऊन बसेल?”

विहारातून भन्तेजींचा आवाज आला.

“सांभाळून घे बेटा त्याला. नवीन आहे.”