न उघडता

"न उघडता होईल का?"

अभिनंदन उपाध्येनं हे तिसऱ्यांदा विचारलं. नदाफ मिस्त्री गाडीच्या पुढ्यात उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय न उघडता?"

"इंजिन."

"आन् दुरुस्त?"

"हो. दुरुस्त."

उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये शेजारच्या फाउंड्रीचा आवाज तेवढा येत होता...

गाडी जपानी होती, दोन सीटची. तिच्या इंजिनात पिस्टन नव्हते. पिस्टनच्या जागी दोन तिकोनी रोटर आपापल्या पोकळीत फिरतात. तिकोनाच्या प्रत्येक टोकाला एक बारीक पट्टी असते. ती भिंतीला घासत फिरते आणि हवा अडवून धरते. असं इंजिन कोल्हापुरात मिस्त्रींशिवाय कुणी फारसं हाताळलं नव्हतं. मिस्त्रींच्या हाताखाली सहा वर्षं शिकून संमेदनं ते हाताळलं होतं. हवेच्या वाटा त्यानं कानशीनं घासून मोठ्या केल्या, वर हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला, आणि याच शेडमध्ये बोल्ट आवळून इंजिन बंद केलं.

गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन संमेद गेला. अभिनंदन त्याचा धाकटा भाऊ. पुण्यात कॉम्प्युटरचं काम करायचा. गाडी आता त्याच्याकडे होती.

त्यानं बॉनेटवर लॅपटॉप उघडला आणि आपण काय काय केलं ते सांगितलं. प्लग बदलले, कॉइल बदलल्या, पेट्रोलचा पंप नवा घातला, इंजिनाची सेटिंग अकरा वेळा नव्यानं लिहिली. थंड असताना गाडी चालू होते. गरम झाली की सिग्नलला बंद पडते, मग तासभर उठत नाही. आकडे सगळे बरोबर आहेत, असंही तो म्हणाला. दोनदा म्हणाला.

"आकडं बरोबर हाईत, तर मग माझ्याकडं कशाला आलास?"

"दादा म्हणायचा, मिस्त्रींना हातानं कळतं."

"संमेद लई बोलायचा."

मिस्त्रींनी पुढच्या रोटरचा एक प्लग काढला. ठिणगीची आणि पेट्रोलची जोडणी सोडवली. मग अभिनंदनला म्हणाले, त्या भोकासमोर तळवा धर.

"माझ्याकडे प्रेशरचा रिपोर्ट आहे. सरासरी..."

"तळवा धर."

त्यानं धरला. मिस्त्रींनी आत बसून स्टार्टर मारला. तळव्यावर हवा आली. फुस... मग नुसतंच काहीतरी... पुन्हा नुसतंच... मग फुस.

"काय आलं?"

"हवा."

"कशी?"

अभिनंदन जरा वेळ तळव्याकडे बघत राहिला. "एक भरलेली. दोन पोकळ."

"तीन बाजू. दोन पोकळ, म्हंजे त्या दोघींच्या मधली पट्टी गेली. सरासरीत हे दिसत न्हाई."

अभिनंदननं लॅपटॉप मिटला.

मिस्त्रींनी टाकीचं झाकण काढलं. एक चिंधी आत सोडली, वर ओढली, दोन बोटांत चोळली, नाकाजवळ नेली. मग चिंधी अभिनंदनच्या हातात दिली.

"पेट्रोल आहे," तो म्हणाला.

"पेट्रोलच हाय. तेल कुठाय?"

"कसलं तेल?"

मिस्त्री गाडीच्या मडगार्डला टेकले. त्यांनी सावकाश सांगितलं. हे इंजिन तेल पितं. दुसऱ्या गाडीत तो रोग असतो, हिच्यात ते जेवण. त्या पट्ट्यांना तेवढाच ओलावा. कंपनीनं त्यासाठी एक छोटा पंप दिलेला असतो. संमेदचा त्या पंपावर विश्वास नव्हता. त्यानं तो काढून टाकला, आणि टाकी भरताना दर वेळी स्वतःच्या हातानं मापून तेल ओतायला लागला.

"त्यानं कुठं लिहून ठेवलं नाही," अभिनंदन म्हणाला.

"भाकरी खातोस ते लिहून ठेवतोस?"

अभिनंदन हळूहळू बोलला. डिकीत तेलाचे चार डबे होते. त्याला वाटलं, दादाच्या जुन्या मोपेडचे असतील. त्यानं ते गल्लीतल्या दूधवाल्याला देऊन टाकले. त्यानंतर गाडीचा निळा धूर थांबला. आपल्या सेटिंगनं थांबला, असं त्यानं सगळ्या मित्रांना सांगितलं होतं.

"मी खूश होतो, मिस्त्री."

मिस्त्रींनी टाकीचं झाकण परत बसवलं.

"मीच मारलं ना तिला?"

मिस्त्रींनी चिंधी परत घेतली आणि घडी घालून बाजूला ठेवली.

थोड्या वेळानं अभिनंदननं पुन्हा तेच काढलं. तेल आजपासून घालतो. उभी असताना इंजिन जरा जास्त फिरतं ठेवतो, म्हणजे बंद पडणार नाही. तेवढ्यावर चालवता येईल.

"चालंल. दोन महिनं. लई तर तीन."

"मग?"

"मग पट्टी तुटंल. तुकडा आतली भिंत फाडत टर्बोतनं भाईर पडंल. हवेची वाट संमेदनं दीड महिना घासली हुती. ती बी जाईल. आज उघडलं तर नुसत्या पट्ट्या बदलायच्या."

अभिनंदन ऐकत होता, पण त्याची नजर इंजिनावरून हलत नव्हती.

"उघडायला भीती कशाची वाटती?"

"आत शेवटचा हात दादाचा लागलाय."

फाउंड्रीचा आवाज थांबला होता. जेवणाची सुट्टी झाली असावी.

"त्याचे कपडे आईनं देऊन टाकले," अभिनंदन म्हणाला. "फोन मी बंद केला. एवढं एकच आहे, त्यानं बंद केलं तसं... अजून कुणी उघडलेलं नाही. उभी असताना ती कशी धडधडायची, माहीत आहे ना तुम्हाला? एकसारखी नाही, अडखळत. गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला की आई तवा ठेवायची. दादा गेल्यावरसुद्धा मी गाडी चालू केली की आई दारात यायची. मला बघून आत जायची. पण यायची."

"आता?"

"सेटिंग बदलून मी आवाज सरळ केला. आता येत नाही."

मिस्त्रींनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. बराच वेळ पुसला, आणि डोळ्याला न लावता खिशात ठेवला.

"इंजिन उतरवाय तीन दिवस लागतील," ते म्हणाले. "रविवारी ये."

रविवारी अभिनंदन आला, तेव्हा इंजिन स्टँडवर होतं. वरचं सगळं उतरवलेलं, मागचं जड चाकही काढलेलं. उघडं इंजिन एवढंसं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. दोन माणसांनी उचलून नेलं असतं. आरपार गेलेल्या लांब बोल्टांची डोकी मागून दिसत होती. इंजिनाचे चकत्यांसारखे सगळे थर ते बोल्ट एकत्र धरून होते. ते सुटले, की इंजिन उघडलं.

मिस्त्रींनी पाना त्याच्यापुढे धरला.

"मी?"

मिस्त्रींनी शेडचा शिरस्ता सांगितला. ज्यानं इंजिन बंद केलं, त्यानंच ते उघडायचं. आपली चूक आपल्याच डोळ्यांनी बघायची. चाळीस वर्षांत या शेडमध्ये दुसऱ्यानं बंद केलेल्या इंजिनाच्या या बोल्टांना त्यांनी पाना लावलेला नव्हता. स्वतःच्या भावाच्यासुद्धा नाही.

"पण दादा तर..."

"व्हय. म्हनून तू."

"मला येत नाही, मिस्त्री. मी आजपर्यंत फक्त कीबोर्ड..."

"बोल्ट एकदम न्हाई सोडायचा. थोडा हा, थोडा समोरचा. असं फिरत फिरत."

पाना अजून पुढेच धरलेला होता.

अभिनंदननं पाना घेतला. पहिल्या बोल्टवर बसवला. पाय रोवले, दात आवळले, आणि सगळा भार टाकला. भाऊ अंगानं दणकट होता. त्यानं आवळलेलं सहजी सुटणार नाही, याची त्याला खात्री होती. सुटू नये, असंही कुठंतरी वाटत असावं.

टक्... एवढाच आवाज झाला. पाना अर्धा फेरा फिरला. भार मोकळा पडल्यामुळे अभिनंदन तोल जाऊन स्टँडवर आदळला.

तो सावरून उभा राहिला. बोल्टकडे बघत राहिला. डोळे भरून आले होते, आणि आवाजात तक्रार होती.

"एवढा सैल ठेवला होता त्यानं?"

मिस्त्रींनी वाकून बोल्टच्या डोक्यावर अंगठा टेकवला. तसाच ठेवला...

"सैल न्हाई, मापात हाय. उघडणाऱ्यासाठी आवळलाय."