आडव्या फांद्यांची दोनशे रोपं

डोंगरातल्या एका गावात एक मुलगी दूरदेशी शिकून परत आली. वाटभर तिनं मनाशी भांडणाची तयारी केली होती. लोक हसतील, म्हातारे मान फिरवतील, 'पुस्तकातली शेती पुस्तकात ठेव' म्हणतील. त्यावर काय उत्तर द्यायचं, तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. गावात पोचली तर भांडायला कुणीच नव्हतं. सगळे तिची वाट बघत बसले होते.

गाव कॉफीवर जगणारं. चाळीस घरं आणि प्रत्येक घरामागे उतारावर कॉफीची बाग. पण पाच वर्षांपासून बागांवर तांबेरा पडत होता. पानांखाली नारिंगी भुकटी धरायची, पानं गळायची आणि फळ पिकायच्या आत फांद्या उघड्या पडायच्या. साऱ्या डोंगरावर एकच झाड या रोगातून सुटलं होतं. ते होतं या चाळीस घरांपलीकडच्या मिरीवाल्या आबांच्या अंगणात. आबा जन्मभर मिरीचे वेल चढवत आलेले. कॉफीचं त्यांच्याकडे हे एवढं एकच झाड, तेही कुण्या पाखरानं टाकलेल्या बियेचं. पण त्याची पानं अशी, की तेल लावून पुसल्यासारखी.

लोकांनी त्याच्या बिया लावून पाहिल्या होत्या. अर्धी रोपं आईवर गेली, अर्धी कुणावर गेली कोण जाणे, आणि कुठलं तगणार हे तांबेरा पडेपर्यंत कळायचं नाही.

मुलीनं पहिल्याच सभेत सांगितलं, "बी नको. फांदीचे तुकडे लावू. तुकड्यातून आलेलं रोप म्हणजे तेच झाड, दुसऱ्या जागी. आणि जुनी रोगट झाडं उपटून टाका. उतार मोकळे करा."

"बाई म्हणतील तसं," पाटील म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या चटकन, की तिला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली.

आबांची अट एकच होती. "फांद्या ने, लागतील तेवढ्या. शेंड्याला हात लावू नकोस. झाड माझ्यासारखंच म्हातारं आहे. डोकं उडवलं तर राहील की जाईल, सांगता यायचं नाही."

तिला ते सोयीचंच पडलं. शेंडा एकच, आणि आडव्या फांद्या कितीतरी. तिनं तीनशे तुकडे कापले, वाळूत खोचले, वर सावली धरली, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. चौथ्या महिन्यात दोनशे तुकड्यांना मुळं फुटली. घरटी पाच रोपं. गाव बघायला लोटलं. पुढे काही रोपांना तर वीतभर उंचीवरच पांढरी फुलं आली.

"पाळण्यातच बाळंतीण झाली की ही," कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या.

ती हसली नाही. रोपं वाढत होती, पण वर जात नव्हती. बाजूला सरकत होती, खाली लोळत होती. तिला वहीतली एक ओळ राहून राहून आठवत होती. दूरच्या शाळेत तिनंच ती लिहून घेतली होती, खाली रेघही मारली होती: कॉफीच्या आडव्या फांदीचं रोप जन्मभर आडवंच वाढतं, उभं झाड हवं असेल तर शेंडा कापल्यावर फुटणारा उभा धुमाराच लावावा. तुकडे कापतानाही ती ओळ मनात आली होती. पण चाळीस घरं वाट बघत होती, शेंड्याला हात लावायचा नव्हता, आणि फांद्या समोर लोंबत होत्या. होतील सरळ, असं म्हणून तिनं ती ओळ मागे ढकलली होती.

सरळ एकही झालं नाही. तेव्हा तिनं प्रत्येक रोपाशेजारी बांबूची काठी रोवली आणि रोप सुतळीनं काठीला बांधून टाकलं. लांबून बघणाऱ्याला दोनशे शिपाई उभे वाटायचे.

"काठ्या कशाला गं?" कोपऱ्यावरच्या काकूंनी विचारलं.

"वाऱ्यानं मोडू नयेत म्हणून."

"या खळग्यात वारा? इथं चुलीचा धूरसुद्धा वाकत नाही."

"पुढे सुटेल, काकू."

काकूंनी आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला दिवसभर वाटत राहिलं.

वाटपाचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी ती पाणी घालत होती, तेव्हा आबा काठी टेकत आले.

"उद्या ना वाटप?"

"हो, आबा. सगळ्यांचे खड्डे काढून झालेत."

आबा एका रोपाशी खाली बसले आणि त्यांनी सुतळीची गाठ सोडली. रोप हळूच कलंडलं, आडवं झालं आणि तिथंच थांबलं.

"मिरीचंही असंच," आबा म्हणाले. "आडवा फाटा लावला तर वेल चढत नाही, झुडूप होऊन बसतो. तू पहिली फांदी कापलीस तेव्हाच मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"माझा शेंडा वाचत होता. म्हटलं, एवढी शिकलेली आहे, तिला वेगळं काही ठाऊक असेल." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "ठाऊक नव्हतं तुला?"

"होतं," ती म्हणाली. इतक्या दिवसांत ती हे पहिल्यांदाच तोंडानं बोलली.

"फळ तरी धरतील?"

"चार-दोन धरतील. पण नुसती पसरतील. त्यांचं झाड व्हायचं नाही."

"हे गावाला कळायला किती दिवस?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं पुष्कळ झाली. तोवर तू इथं असशील की नाही, मी असेन की नाही. रोपं वाटलीस तर उद्या हार घालतील तुला." असं म्हणून आबांनी ती गाठ पुन्हा बांधून दिली, तिच्यापेक्षा नीट, आणि ते निघून गेले.

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. सांगितलं तर गाव आज बुडालं, नाही सांगितलं तर दोन वर्षांनी. आज बुडालेलं निदान पोहायला तरी लागेल, एवढंच तिला उजाडता उजाडता सुचलं.

सकाळी लोक टोपल्या घेऊन आले, तेव्हा एकाही रोपाला सुतळी नव्हती. दोनशे रोपं जमिनीलगत आडवी पसरली होती.

"ही रोपं मी वाटणार नाही," ती म्हणाली. "मी चुकीच्या फांद्या लावल्या. ही कधीच उभी राहायची नाहीत."

पाटलांनी विचारलं, "आणि हे बाईंना आज कळलं?"

"नाही, आधीच. तुम्हाला कळू नये म्हणून काठ्या लावल्या होत्या."

"तुझ्या शब्दावर बागा उपटून बसलोय आम्ही," मागून एक गडी म्हणाला. टोपल्या खाली ठेवल्या गेल्या. कुणी कुणाकडे बघेना.

तेवढ्यात काकू खाकरल्या. "आम्ही नाही उपटली."

"काय नाही उपटली?"

"बाग. म्हणजे, रस्त्याकडची उपटली, दिसते ती. ओढ्याकडची ठेवली. तुला सांगितलं सगळी काढली म्हणून. म्हटलं, हौसेनं आलीय पोर, मन कशाला मोडा."

मग आणखी एक जण बोलला, मग तिसरा. होता होता पंचवीस घरं निघाली.

"आमचीही आहेत थोडी," पाटील पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले.

लोक हसले. गावाचा विश्वास आपल्याला वाटला तेवढा मोठा नव्हता, हे ऐकून हसावं की रडावं, तिला कळेना. पण छातीवरचा दगड थोडा हलला. चौदा घरांनी मात्र खरोखरच सगळं उपटलं होतं. ती घरं हसली नव्हती.

"शेंडा कापला तर खालून उभे धुमारे फुटतील," ती त्या चौदा घरांकडे बघत म्हणाली. "पहिल्या वर्षी वीस रोपं, फार तर. ती आधी तुम्हाला. पण झाड म्हातारं आहे. वाळलं तर एकही नाही. आणि झाड आबांचं आहे. ते नको म्हणाले, तर मी हात लावणार नाही."

सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. मग त्यांनी कमरेचा कोयता काढून तिच्या हातात दिला.

"माझ्यानं बघवणार नाही. तू काप, मी पाठ करून उभा राहतो."

सगळं गाव आबांच्या अंगणात गेलं. आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. झाड फुटेल की वाळेल, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं, आणि या वेळी तिनं ते आधीच सांगितलं होतं. तिनं कोयता उचलला.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: काठीला बांधली म्हणून चूक सरळ होत नाही. ती दुसऱ्याच्या जमिनीत रुजण्याआधी आपल्याच हातानं सोडून दाखवावी.