रणदिवेसाहेबांची जागा

मृदुला खांबेटेने चारजणांचं हलकं विमान घडवलं होतं. नवशिक्यांनी त्यावर शिकावं, घरच्यांना घेऊन फिरावं म्हणून. तिच्या शेडमध्ये एकच दंडक होता, काट्यावर वजन केल्याशिवाय विमानात काहीच जायचं नाही.

पण कंपनीचे अध्यक्ष रणदिवेसाहेब हौशी. त्यांनी आत सागवानी फळ्या, छोटा फ्रीज आणि स्वतःच्या नावाची जाडजूड पितळी पाटी बसवून घेतली. मृदुला नको नको म्हणत राहिली. “एवढ्याशानं काय होतंय?” म्हणत त्यांनी तिला उडवून लावलं.

पहिल्या सफरीला साहेब सुटाबुटात आले. मृदुलाने त्यांना पाहुण्यांदेखत काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि बाकीचे तिघे आत बसलेल्या विमानाचं दार बाहेरून लावलं.

“अहो, मी राहिलोय,” साहेब म्हणाले.

“नाही साहेब, तुम्ही कधीच बसलात. फळ्या, फ्रीज आणि पाटी मिळून अगदी तुमच्याएवढं वजन भरतं. याहून जास्त विमान उचलणार नाही.”

साहेब काट्यावरच घुटमळले. काचेतून चकाकणारी पाटी त्यांनी एकदा डोळे भरून पाहिली आणि कोट काढला.

“पान्हा द्या,” ते म्हणाले. “आधी माझं नाव उतरवतो.”