पंधरा हजार खुर्च्या

"…आणि ह्यात माणसं कुठनं आत येणार?"

अब्बास वस्तादांनी विचारलं. त्यांच्यापुढं चटईवर थर्माकोलचं स्टेडियम ठेवलं होतं. हिरवंगार मैदान, कोपऱ्यांत दिव्यांचे चार खांब, भोवती खुर्च्यांच्या रांगा.

"चार दरवाजे आहेत, वस्ताद," धैर्यशीलराव इंगवले बोटानं दाखवत म्हणाले. "मोटारी ह्या बाजूला लावायच्या. खुर्च्या पंधरा हजार."

वस्ताद डोळे बारीक करून बघत राहिले.

"लई खुर्च्या."

धैर्यशीलराव कोल्हापूरच्या कासारवेस तालमीचे अध्यक्ष. तालीम म्हणजे मागच्या अंगाला लाल मातीचा आखाडा आणि त्याच नावाचा फुटबॉलचा संघ. आखाडा वस्तादांचा, संघ अध्यक्षांचा, असं गेली कित्येक वर्षं चाललं होतं. अध्यक्ष ह्याच मातीत वस्तादांचे रट्टे खाऊन मोठे झाले. पुढं बांधकामाचा धंदा वाढला, गळ्यात साखळी आली, चौकातल्या फलकांवर चेहरा आला. पण वस्तादांसमोर खुर्चीवर बसायचं धाडस अजून होत नव्हतं. ते चटईवरच मांडी घालत.

"पैसा?"

"बँक देतीय. तालमीची इमारत तारण ठेवायची. तुम्ही सगळ्यांत जुने विश्वस्त, तुमची तेवढी सही पाहिजे."

वस्तादांनी आखाड्याकडं मान वळवली. दोन पैलवान माती उकरत होते.

"आन् हप्ता कशातनं भरणार?"

"तिकिटातनं येईल. शिवाय बाहेरगावचे तीन खेळाडू सोडतोय. त्यात सॅम्युअल पण. पगार, राहणं, जेवण… सगळंच वाचतंय."

सॅम्युअल नायजेरियाचा. तालमीच्या माडीवर राहायचा. संघाचे निम्मे गोल त्याचेच असत. आला तेव्हा मिरचीच्या वासानं शिंकायचा, आता खानावळीत तांबडा रस्सा ओरपून 'आज जरा बेताचाच झालाय' म्हणायचा.

"म्हंजे खुर्च्या पंधरा हजार," वस्ताद म्हणाले, "आन् खेळाडू आठ."

"नवे घेऊ की, वस्ताद. एकदा स्टेडियम उभं राहिलं की…"

"पर बांधायचं कशापायी?"

"लोकांसाठी. आपली माणसं उन्हात पायऱ्यांवर बसत्यात. हाल बघवत नाहीत."

वस्तादांनी थर्माकोलचा एक खांब बोटानं हलवून बघितला.

"तालमीचं उत्पन्न वाढेल."

वस्तादांनी वाकलेला खांब सरळ केला.

"पुढच्या पिढीला काहीतरी…"

वस्तादांनी मोठी जांभई दिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"रविवारी मॅच हाय न्हवं?"

"आहे. दगडी कमान तालमीबरोबर."

"कागद घेऊन तिथं ये. माझ्याशेजारी बस. सहीचं तिथंच बघू."

"तुमच्यासाठी स्टेजवर सोफा ठेवतो. गाडी पाठवतो घरी."

"मी पायरीवर बसतो," वस्ताद म्हणाले.

रविवारी दुपारी धैर्यशीलराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, काखेत बँकेचे कागद घेऊन गावच्या जुन्या मैदानावर गेले. आजवर ते थेट स्टेजमागच्या दारानं आत जायचे. आज गर्दीतून वाट काढताना दोनदा त्यांच्या पायावर पाय पडला आणि दोन्ही वेळा माफी त्यांनाच मागावी लागली.

वस्ताद मधल्या पायरीवर होते. डोक्याला मुंडासं, हातात शेंगांचा पुडा.

"आणलास कागद? दे इकडं."

वस्तादांनी कागद घेतले, पायरीवर नीट पसरले आणि त्यांवर बसले.

"वस्ताद… बँकेचे शिक्के आहेत त्यावर."

"पायरी लई तापलीया."

तापली होती खरीच. त्या बाबतीत धैर्यशीलराव खोटं बोलले नव्हते. ते तसेच उभे राहिले, तेवढ्यात मागून हाक आली.

"ओ पांढरे, बसा की खाली. आमी काय तुमचा सदरा बघाय आलोय?"

धैर्यशीलराव बसले. चटका वर मस्तकापर्यंत गेला. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं आणि शेंगा पुढं केल्या. मागच्या ओळीत कुणीतरी म्हणत होतं, आपला अध्यक्ष कुठं दिसत न्हाई आज? दुसरा म्हणाला, असंल सावलीत, त्येला फुटबॉल म्हंजे फोटो काढायची जागा.

धैर्यशीलरावांनी मान खाली घातली. शेंग फोडली.

सामना सुरू झाला. तालमीची पोरं जीव तोडून खेळत होती. पायऱ्या कधी उठत, कधी बसत, कधी पंचाच्या सात पिढ्यांची चौकशी करत. धैर्यशीलरावांचं मात्र लक्ष चेंडूवर नव्हतं. ते समोरच्या स्टेजकडं बघत होते.

स्टेजवर मधल्या सोफ्यावर दगडी कमानीचे अध्यक्ष हंबीरराव सरनोबत बसले होते. गळ्यात हार, पुढ्यात लिंबू सरबत. हंबीरराव म्हणजे धैर्यशीलरावांचे साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. आज नवरा पायरीवर गेलेला, म्हणून धैर्यशीलरावांच्या सौभाग्यवतीही ताईशेजारी, त्याच सोफ्यावर जाऊन बसल्या होत्या. हंबीरराव त्यांना हातवारे करून काहीतरी समजावत होते. हात लांब पसरत होते. मग वर नेत होते. मग गोल फिरवत होते.

धैर्यशीलराव बघत राहिले. चेंडू इकडून तिकडं गेला, तिकडून इकडं आला. मध्यंतर झालं, संपलं. हंबीररावांचे हात अजून फिरतच होते.

वस्ताद शेंगा खात होते. मैदानाकडं बघत होते, आणि अधूनमधून धैर्यशीलरावांकडं.

अचानक हंबीररावांचा हात हवेतच थांबला. चेहरा पडला. धैर्यशीलरावांना फार बरं वाटलं. ते मनापासून हसले.

पुढच्या क्षणी सगळी पायरी त्यांच्या अंगावर कोसळली. शेंगा उडाल्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांना मिठी मारून वर उचललं. मागून कुणीतरी पाठीत दणादण बुक्के घातले. एक चप्पल गेली ती गेलीच.

"काय झालं?" धैर्यशीलरावांनी म्हाताऱ्याच्या मिठीतूनच विचारलं.

"काय झालं म्हंजे? गोल झाला की."

"कुणी मारला?"

म्हाताऱ्यानं हात सोडले. धैर्यशीलराव खाली आले. म्हातारा एक पाऊल मागं सरकला आणि त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळू लागला.

"कुठल्या तालमीचा रं तू?"

धैर्यशीलराव खाली वाकून सांडलेल्या शेंगा वेचू लागले. पोरसवदा वयात ह्याच पायऱ्यांवर ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसायचा, आईकडं दोन-दोन दिवस खुणेनं पाणी मागायला लागायचं. आणि आज कासारवेशीचा गोल कासारवेशीच्या अध्यक्षाला दिसला नव्हता.

"सॅम्युअलनं मारला," वस्ताद हळूच म्हणाले. "डोक्यानं."

त्याच एका गोलावर सामना संपला. पोरांनी सॅम्युअलला खांद्यावर घेतलं. गुलाल उधळला गेला, गर्दी वेशीकडं निघाली, पायऱ्या रिकाम्या झाल्या. वस्ताद कागदांवर तसेच बसून होते. धैर्यशीलराव एका चपलेनिशी शेजारी.

"धैर्या."

"हं."

"पयल्यापासनं स्टेजकडं बघत हुतास."

धैर्यशीलरावांनी उरलेली चप्पलही काढून बाजूला ठेवली.

"कशापायी बांधायचंय रं?"

ह्या वेळी धैर्यशीलरावांनी लोकांचं नाव घेतलं नाही, उत्पन्नाचंही नाही.

"हंबीररावांनी हायवेला जागा घेतलीय, वस्ताद. मागच्या आठवड्यात जेवायला बोलावलं आणि ताटावर बसल्याबसल्या नकाशा दाखवला. बारा हजार खुर्च्यांचं स्टेडियम. घास उतरंना झाला. घरी आलो तर ही म्हणती, ताईच्या नावाची एक गॅलरी पण आहे त्यात."

"म्हून आपलं पंधरा हजार."

"व्हय."

"त्येचा पैसा कुठला?"

"त्यानं पण तालीमच तारण ठेवलीय. खेळाडू सोडतोय. आपण तीन सोडणार, तो पाच."

वस्ताद उठले. खालचे कागद उचलले, झटकले. शेंगांची टरफलं खाली पडली, माती शिक्क्यांवरच राहिली. त्यांनी कागदांची घडी घातली, धैर्यशीलरावांच्या वरच्या खिशात कोंबली आणि कुस्ती जिंकून आलेल्या पठ्ठ्याला थोपटावं तशी त्यांची पाठ थोपटली.

"मग बांधू दे की त्येला," वस्ताद म्हणाले. "आपण जाऊ खेळायला."