बापूसाहेबांचा वाढदिवस, गावाला सुट्टी

एका गावात एक भोळा गडी होता. नाव गेनू. इतका भोळा, की कुणी "जरा थांब" म्हणून निघून गेलं, तर संध्याकाळपर्यंत तिथंच उभा.

गेनू बापूसाहेब कानगुड्यांकडे राबत होता. बापूसाहेब म्हणजे आमदारांचे सल्लागार. त्यांचं काम एकच, आमदारांच्या कानाला लागणं. आमदारही असे, की बापूसाहेबांना विचारल्याशिवाय शिंकत नसत. गावातला पूल बापूसाहेबांच्याच सल्ल्यानं झाला. पूल झोकात उभा आहे. नदी शेजारून वाहते.

गेनूचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी राजी होती. तिचा बाप धोंडिबा मात्र अडून बसला होता. "आधी नोकरी दाव, मग पोरगी नेयाची," असं त्यानं सांगून टाकलं होतं. बापूसाहेबांनी गेनूला शब्द दिला, "माझ्या वाढदिवसाला आमदार येणार आहेत. कार्यक्रम नीट पार पाड, तुला पंचायतीत शिपाई करून टाकतो."

गेनूला घास गोड लागेना. त्याला सारखा शिपायाचा खाकी सदरा दिसायचा.

इकडे यशवंता न्हाव्याच्या दुकानात गावकऱ्यांनी बापूसाहेबांची टर उडवायचं ठरवलं. त्यांच्या वाढदिवसाला गावाला सुट्टी! नाव 'सल्लागार दिन'. बापूसाहेब वर्षभर जे करतात ते सगळ्यांनी एक दिवस करायचं, म्हणजे काहीच नाही. कुणी काही विचारलं तर डोळे मिटून "बघू" म्हणायचं. यशवंतानं हे सगळं पंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहिलंसुद्धा.

बापूसाहेबांनी फळा वाचला. त्यांचा ऊर भरून आला.

"बघ गेनू, लोकांचं किती प्रेम आहे!"

अशा माणसाच्या अकलेवर आमदार चालत होते. आता बोला.

वाढदिवसाला अवकाश होता. तोवर गेनूला चार कार्यक्रमांची सवय व्हावी म्हणून बापूसाहेब त्याला बरोबर नेऊ लागले.

पहिलं होतं व्यायामशाळेचं उद्घाटन. बापूसाहेब म्हणाले, "गेनू, पुढं जा. मी येईपर्यंत दारातली वाट मोकळी ठेव."

गेनू पुढं गेला. बघतो तर दारात आडवी फीत बांधलेली. त्यानं गाठी सोडल्या, फितीची घडी केली आणि खिशात घातली. बापूसाहेब आले, ते थेट आत चालत गेले. उद्घाटन कुठं झालं ते कुणालाच कळलं नाही.

"ठोंब्या!" बापूसाहेब ओरडले. "दोन बाजूंनी काही ताणून धरलेलं दिसलं, की माझ्या हातात कात्री द्यायची! पुढचं मी बघतो!"

"बरं," गेनू म्हणाला.

पुढं एक लग्न आलं. बापूसाहेब प्रमुख पाहुणे. दोन माणसांनी दोन बाजूंनी अंतरपाट धरला. गेनूनं बापूसाहेबांच्या हातात कात्री दिली. बापूसाहेब फोटोवाल्याकडे बघून हसत होते. हाताला सवय होतीच. कच्चकन अंतरपाटाचे दोन तुकडे झाले. मंगलाष्टकं संपायच्या आतच नवरा-नवरी एकमेकांकडे बघत बसले, आणि नवरीच्या मामानं बापूसाहेबांचा फेटा धरला.

बापूसाहेब फेट्याविना घरी आले. "अरे गाढवा, माणसं नटूनथटून जमली, पुढं कुणी पाटावर बसलं, की मूठ भरून अक्षता टाकायच्या! टाळ्या वाजवायच्या!"

"बरं," गेनू म्हणाला.

मग माजी सरपंच वारले. शोकसभा भरली. पांढरे कपडे घालून माणसं जमली होती. पुढं चौरंगावर सरपंचांचा फोटो, शेजारी पाटावर त्यांची म्हातारी बायको. बापूसाहेब भाषणाला उभे राहिले, त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला, तोच गेनूनं फोटोवर, म्हातारीवर आणि बापूसाहेबांवर अक्षता टाकल्या आणि टाळ्या पिटल्या.

म्हातारीनं पदर डोक्यावर ओढला. "बापूसायेब, ह्या वयात कुनासंगं लावताय माझं?"

बापूसाहेबांनी गेनूचा कान पिरगाळला. "पुढं मोठा फोटो मांडलेला दिसला, की त्याला हार घालायचा! उदबत्ती लावायची! सगळ्यांना मान खाली घालून गप्प उभं करायचं! मध्येच कुणी आलं तरी हलू द्यायचं नाही!"

"बरं," गेनू म्हणाला. त्यानं हे चांगलं घोकून ठेवलं. आता चूक झाली तर धोंडिबा पोरगी दुसरीकडे देणार होता.

वाढदिवस उजाडला. मांडव भरला. सुट्टीमुळं सगळं गाव मोकळंच होतं. स्टेजवर बापूसाहेबांचा दरवाजाएवढा फोटो होता. बापूसाहेब अजून घरीच होते, कारण मोठ्या माणसानं उशिरा जायचं असतं असा त्यांनी स्वतःलाच सल्ला दिला होता.

गेनूनं फोटो बघितला. हार घातला. उदबत्ती लावली. मग हात जोडून म्हणाला, "उठा समदी. माना खाली घाला."

गावकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि असे पटकन उभे राहिले, की तसे गावाच्या कुठल्याही कामाला कधी राहिले नव्हते. यशवंतानं तर टोपी काढून डोळे पुसले.

एवढ्यात आमदार आले. त्यांनी बापूसाहेबांच्या फोटोवरचा हार बघितला. सवयीनं त्यांनी कान बाजूला केला, तर कानाशी कुणी नाही. जवळ गेनू होता.

"आता काय करायचं रे?" आमदारांनी घाबरून विचारलं.

"मान खाली घालायची. गप उभं ऱ्हायाचं."

आमदारांनी तसं केलं. इतका सरळ सल्ला त्यांना आजवर मिळाला नव्हता.

मग नवा फेटा बांधून बापूसाहेब आले. बघतात तर सगळे गप्प. आमदारांचीसुद्धा मान खाली. आमदार वाकले की आपण वाकायचं, हा बापूसाहेबांचा जन्माचा शिरस्ता. त्यांनीही मान खाली घातली. जरा वेळानं हळूच विचारलं, "गेनू, कोण गेलं रे?"

"तुमी, सायेब."

"मी?" बापूसाहेब किंचाळले. "अहो, मी जिवंत आहे!"

आमदारांनी मान वर न करताच दटावलं, "श्श! आपल्याच शोकसभेत बोलतात होय?"

बापूसाहेबांनी आमदारांचा शब्द कधी मोडला नव्हता. ते मुकाट उभे राहिले.

मग आमदार माइकपुढं गेले. "बापूसाहेबांची जागा रिकामी झाली, याचं दुःख आहे. पण काम थांबता कामा नये. आजपासून गेनू माझा सल्लागार!"

गावानं टाळ्या पिटल्या. गेनू मटकन खाली बसला आणि रडू लागला.

आमदार गहिवरले. "एवढा आनंद झाला?"

"न्हाई सायेब," गेनू हुंदके देत म्हणाला, "माझं लगीन मोडलं. धोंडिबाला काम करनारा जावई पायजे."