एका नावाचे दोघे

जिथे सर्प पहारा देत आणि पक्षी साक्ष देत, अशा एका राज्यात मार्तंड नावाचे दोन पुरुष राहत होते. एक वीणा वाजवी, दुसरा कुस्ती खेळे. दोघांचे नाव एकाच कुलदैवतावरून ठेवलेले. पाळण्यात आपापल्या आत्याने ते त्यांच्या कानात सांगितलेले. नाव देवाचे असते, माणसाला ते वापरायला मिळते. पूर्वी त्या राज्यात हे सर्वांना ठाऊक होते.

विजयोत्सवात राजा सिंहवर्म्याने सुवर्णाचा तोडा हाती घेऊन पुकारले, "मार्तंडाने पुढे यावे."

दोघेही उठले. सभा हसली.

"वीणेला बोलावले आणि आखाडा चालत आला," प्रधान म्हणाला. "पहिलवान, तारा छेडणार की तोडणार?"

मल्लाची कानशिले तापली. "महाराज, या राज्यात मार्तंड एकच असावा. तो मी असावा."

वैणिकाने हात जोडले. "महाराज, वाटेकरी असला म्हणून नाव उणे होत नाही."

राजाला विचार करण्याचा कंटाळा आला होता. त्याने मांत्रिक कालजिव्हाला खूण केली. मांत्रिकाने तोड्यावर मंत्र फुंकला व तो मल्लाच्या मनगटात चढवला. त्या क्षणी वीणा मुकी झाली, आणि मल्ल सोडून राज्यातील प्रत्येक माणसाला वैणिकाचा विसर पडला.

नावाबरोबर त्याचे जे जे होते, ते मल्लाकडे आले. कीर्ती आली, नमस्कार आले. शेवटी वैणिकाची म्हातारी आई आली. पोटच्या मुलाला न ओळखता ती त्याच्यासमोरून गेली आणि मल्लाच्या ओसरीवर बसली. दहीभाताची वाटी पुढे ठेवून म्हणाली, "मार्तंडा, रियाज झाला का रे?" मग तिने त्याचा पंजा हातात घेतला. "बोटे किती राठ झाली तुझी. तारेला हात लावत नाहीस वाटतं?"

मल्लाने वाटी बाजूला सारली. त्याने तोडा ओढला; तो हाडाला चिकटला होता. म्हातारी तिथेच राहिली आणि खंगू लागली. मुलगा समोर बसलेला असूनही तिचे डोळे दाराकडे लागलेले असत. का, ते तिला सांगता येत नसे.

मल्ल कुलदैवताच्या देवळात गेला. शिखरावर राघू होता.

"मी चोर आहे," मल्ल म्हणाला. "उपाय सांग."

"कामे तीन. डोंगरातल्या सर्पाकडून भंडारा आण, पण तिथे हे नाव उच्चारू नकोस. तुझ्याच सावलीतून उठणाऱ्या छायामल्लाशी भर आखाड्यात लढ आणि आपण होऊन चीत हो. मग तुझ्या आत्याकडून ते नाव वैणिकाच्या कानात सांगव. तुझ्याकडे उरेल की नाही, मला ठाऊक नाही."

"म्हातारी तोवर जगेल?"

राघू उडून गेला.

सर्पाने विचारले, "कोण तू?" मल्ल म्हणाला, "अपराधी." सर्पाने वाट दिली आणि भंडाराही दिला. छायामल्ल सर्व नगरासमोर उभा राहिला. त्याला उचलून आपटणे मल्लाला अवघड नव्हते, तरी त्याने आपली पाठ मातीला लावली. ज्यांनी त्याला खांद्यावर मिरवले होते, त्यांनीच त्याच्यावर धूळ फेकली. त्याचे निम्मे बळ त्या मातीत गेले, ते परत आले नाही.

दूरच्या गावी त्याची आत्या जात्यावर बसली होती. सर्व ऐकून ती म्हणाली, "बाळा, तुझे नाव दुसऱ्याला देऊन मी तुला हाक कशी मारू?"

"मारू नकोस, आत्या."

ती उठली. पीठ तसेच राहिले.

वैणिक देवळाच्या पायरीवर मुकी वीणा मांडीवर घेऊन बसला होता.

"कोणाला शोधता?" त्याने विचारले.

"तुम्हाला."

"मला कोणी शोधत नाही."

आत्याने त्याच्या कपाळी भंडारा लावला व कानात नाव सांगितले. तोडा तडकून गळून पडला. वीणा आपोआप वाजली. लोकांना वैणिक आठवला, आणि मल्लाचे नावही मल्लाकडे राहिले. कालजिव्हाची जीभ पाषाणाची झाली. राजा सिंहासनावरून उतरला व त्याने दवंडी पिटवली: देवाच्या नावावर कोणाचाही एकट्याचा हक्क नाही.

पण वैणिक दवंडी ऐकायला थांबला नव्हता. तो मल्लाच्या घराकडे धावला. अंगणात तुळशीपाशी आईला निजवले होते. उशाशी दिवा लावलेला होता.

"आत्ताच गेली," शेजारीण म्हणाली.

"काही बोलली?"

"हाक मारली. 'मार्तंडा' म्हणाली."

"वीणा वाजली, त्याच्या आधी की नंतर?"

"त्याच सुमाराला. लक्ष कोणी दिले नाही, बाबा."

तिने कोणाला हाक मारली, हे सांगणारे राज्यात कोणी नव्हते. राघूलाही ते ठाऊक नव्हते.

मल्ल दाराशी उभा होता. त्याला आत येववत नव्हते. वैणिक दारापर्यंत गेला. मग तो म्हणाला, "चला. खांदा द्या."

मल्लाने पागोटे उतरवून तिरडीला खांदा दिला. म्हातारीचे ओझे ते काय. पण ते त्याला स्मशानापर्यंत पेलले नाही. वाटेत दोनदा तिरडी टेकवावी लागली.

सांगणाऱ्याचे सांगून झाले. ऐकणाऱ्याने घरी जावे, आणि आईने हाक मारताच ओ द्यावी.